सुर्वेबाईंची बेगमी

सुर्वेबाईंना चूक ऐकू यायची. क्लासच्या दारात बसून त्या तांदूळ निवडत असायच्या, आत दहा-बारा टाइपरायटर एकदम खडखडत असायचे, आणि मधेच मान वर न करता त्या म्हणायच्या, "चार नंबर, पुन्हा पहिल्यापासून." चार नंबरवाला कागद बघायचा. चूक असायचीच. चार नंबरवर बहुतेक मीच बसायचो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

अठ्ठ्याण्णव साली माझी कोल्हापूरकडून रत्नागिरीला बदली झाली. टायपिंगची परीक्षा दिल्याशिवाय नोकरीत कायम करणार नाही, असं साहेबांनी ऐकवलं होतं. गाडीतळाजवळ एका कौलारू घराच्या ओटीवर सुर्वेबाईंचा क्लास होता. मी तिशी ओलांडलेला, मिशीवाला माणूस, आजूबाजूला अठरा वर्षांच्या पोरी. त्यांच्यात बसून ए एस डी एफ गिरवताना मला लाज वाटायची. बाईंना माझ्या वयाचंही काही नव्हतं आणि मिशीचंही. चूक झाली की त्या उठून यायच्या आणि मनगटावर फूटपट्टीने दोनदा हलकेच टकटक करायच्या. लागायचं नाही, पण त्यापेक्षा लागलं असतं तर बरं, असं वाटायचं.

बाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला मागून काळी दोरी. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. गावात मात्र तीन वेगवेगळी कारणं ऐकायला मिळायची, आणि तिन्ही सांगणारे शपथेवर सांगायचे.

त्यांच्याकडे प्रत्येक टाइपरायटरवर फुलाफुलांच्या कापडाचं झापड असायचं. हात त्याखाली घालायचे आणि न बघता टाइप करायचं. मी हळूच कापड उचलून बघायचो. "पाटील, बघायचं नाय," बाई दारातून म्हणायच्या. "बोटांना आपापलं घर ठाऊक असतं. तुम्ही मधे मधे वाट दाखवू नका." पहिले पंधरा दिवस एकच धडा. डाव्या हाताने ए एस डी एफ जी एफ, मग उजव्याने सेमीकोलन एल के जे एच जे. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. "डाव्याने विचारायचं, उजव्याने उत्तर द्यायचं. एकट्याने बडबडू नये." आणि मी जोर लावला की, "देशावरचे ना तुम्ही? बोटं चालवताय की नांगर?"

मी परीक्षा पास झालो. दुसऱ्या प्रयत्नात, हे सांगायला हरकत नाही. पण तोवर बाईंच्या शेजारचीच खोली मी भाड्याने घेतली होती, त्यामुळे क्लास सुटला तरी बाई सुटल्या नाहीत.

पुढच्या वर्षी क्लासमध्ये दोन कॉम्प्युटर आले. बाईंनी त्यांनाही त्याच फुलाफुलांच्या कापडाची झापडं शिवली. फ्लॉप्या ठेवल्या तांदळाच्या डब्यात. तिकडे पावसाळ्यात चपलेलासुद्धा बुरशी येते, फ्लॉपीला येणारच. तांदळात ओल राहत नाही. विद्यार्थिनी फ्लॉपी मागायला आली की बाई डब्यात हात घालून ती काढायच्या आणि दाणे झटकून द्यायच्या. कॉम्प्युटरच्या पोटात दोन-चार दाणे गेलेच असतील. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

पहिल्यांदा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा बाजारातल्या एका दुकानातून मेकॅनिक आला. त्याने तीन बटणं दाबली, फॉर्मॅट मारला, चहा घेतला आणि गेला. कॉम्प्युटर नवाकोरा होऊन सुरू झाला. आत पोरींचे नोकरीचे अर्ज होते, सरावाची पत्रं होती, बाईंनी तीन आठवडे बसून केलेल्या प्रश्नपत्रिका होत्या. सगळं गेलं. तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "पुसून टाकायला अक्कल लागत नाय, पाटील. पोतेरं घेऊन कोणपण पुसतो."

दुसऱ्या दिवसापासून बाई ते काम शिकायला लागल्या. कोणाकडे? कोणाकडे नाही. दोनातला एक कॉम्प्युटर त्या मुद्दाम बिघडवायच्या आणि दुरुस्त करायच्या. स्क्रीनवर इंग्रजीतून जे जे उमटेल ते शॉर्टहँडमध्ये वहीत उतरवून घ्यायच्या. कॉम्प्युटर भराभर ओळी दाखवून पुढे जायचा, पण बाईंची पेन्सिल त्याच्याही पुढे असायची. सहा महिन्यांत त्यांना विंडोज काढून पुन्हा घालता यायला लागलं. वर्षभरात निम्म्या गावाचे कॉम्प्युटर त्यांच्या हाताखालून गेले.

कोणाच्याही घरी गेल्या की मशीनला हात लावण्याआधी त्या घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावायच्या. अगदी चुलीपाशी असलेल्या बाईलासुद्धा. आणि विचारायच्या, "आत काय काय हाय?" एक निवृत्त हेडमास्तर होते. ते म्हणाले, "काही नाही, टाका पुसून." बाईंनी पुन्हा विचारलं. "काही नाही म्हटलं ना!" बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मास्तरांच्या मिसेस पदराला हात पुसत म्हणाल्या, "कविता आहेत हो त्यांच्या. दुपारी मी झोपले असं समजून करतात." मास्तर लालबुंद झाले. बाईंनी कविता काढून फ्लॉपीत ठेवल्या, एकही ओळ न वाचता. निदान त्या तसं म्हणाल्या.

दर मे महिन्यात बाईंचा एक नेम असायचा. त्या दिवसांत कोकणात घरोघर पावसाळ्याची बेगमी चालते. सुकी मासळी, मिरच्या, कोकमं, लाकडं. जून लागला की काय मिळेल, काय नाही, सांगता येत नाही. बाई त्याच दिवसांत पिशवी घेऊन ओळखीच्या घरी फिरायच्या. ज्याची विंडोजची सीडी त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये घालून ती अख्खी आत एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवायच्या. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, बेगमी. "सीडीला बुरशी येते, ती हरवते, पोरं तिच्यावर चहाचा कप ठेवतात. आधीच घरात भरून ठेवावं. मग सीडी नसली तरी आपलं अडत नाय." मी हसायचो. ऑफिसात सांगायचो, आमच्या शेजारीण बाई कॉम्प्युटरमध्ये सुकट भरतात.

मग दोन हजार तीनचा मे महिना आला, आणि माझं हसणं बंद झालं.

राजिवड्याच्या खैरूनभाभी बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांचे मालक, इब्राहिमभाई, कुवेतला होते. त्यांनीच एका सुट्टीत येताना तिथून कॉम्प्युटर आणला होता. राजिवड्याला वीज कधी कमी, कधी जास्त, त्यामुळे तो कॉम्प्युटर वरचेवर बसायचा आणि बाई तो वरचेवर उठवायच्या. आधीच्या वर्षीच्या पावसाळ्यात इब्राहिमभाई तिकडेच कामावर असताना हार्ट अटॅकने गेले. तिकडेच दफन झालं. भाभींना आणि त्यांच्या मुलीला, रुबीनाला, मातीसुद्धा देता आली नाही. हाती राहिलं ते एवढंच, की शेवटच्या सुट्टीत माइक नवा होता म्हणून त्यांनी गंमत म्हणून कॉम्प्युटरमध्ये आपला आवाज भरून ठेवला होता. दर शुक्रवारी दुपारी भाभी आणि रुबीना तो लावून ऐकायच्या.

त्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली, दिवे दोनदा जाऊन आले, आणि कॉम्प्युटर सुरू होईना. दुकानातला माणूस येऊन म्हणाला, फॉर्मॅट मारावा लागेल, दुसरा इलाज नाही. भाभींनी त्याला बाहेर काढलं आणि तशाच उन्हातून बाईंकडे आल्या. चपला घालायच्याही राहिल्या होत्या.

"बाई, त्यांचा आवाज गेला तर?"

बाईंनी सूप खाली ठेवलं. "कोणी काय पुसलंय?"

"नाय. मी हातच लावू दिला नाय."

"मग बस झालं. चला पाटील, छत्री घ्या. ऊन हाय."

आम्ही पोचलो. बाईंनी पहिल्यांदा सीडी मागितली. भाभींनी रुबीनाकडे पाहिलं. मग रुबीनाने दारासमोरच्या खळ्याकडे बोट दाखवलं. खळ्यात चटयांवर आंब्याची साठं, म्हणजे रसाच्या पोळ्या, वाळत घातली होती, आणि वर काठीला दोरा बांधून ती सीडी टांगलेली होती. उन्हात चमकते म्हणून कावळे येत नाहीत, असं कोणीतरी सांगितलं होतं. ती अशीच मस्त गरगर फिरत होती. शेजारी काठीवर कावळा बसला होता.

"मना काय ठावक," भाभी रडकुंडीला आल्या. "कॉम्प्युटर चालतच होता, तर म्हटलं हिचा काय काम?"

बाईंनी सीडी काढून उजेडात धरली. मागची चकाकी उन्हाने आणि रसाच्या हातांनी पार उतरली होती. मला वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, "असू दे. कावळ्यालाच राहू दे ती. आपली बेगमी हाय आत."

तांदळाच्या डब्यातली फ्लॉपी बाईंनी पिशवीतून आणली होती. तिच्यावरून मशीन सुरू झालं, काळ्या स्क्रीनवर. बाई बोलत बोलत टाइप करत होत्या, कारण भाभींना काय चाललंय ते कळायला हवं, असा त्यांचा नियम होता. "हे बघ, जुन्या विंडोजला मी हात नाय लावत. तिचं फक्त नाव बदलते आणि तिला बाजूला बसवते. नवी तिच्या शेजारी वसवते. जुन्यातलं काय पुसत नाय. कळलं?" भाभींनी मान हलवली. मग बेगमीचं फोल्डर उघडलं. सगळं जिथल्या तिथे होतं. वर्षभर अंधारात, कोणी न विचारता. मी मनातल्या मनात माझं सुकटीचं बोलणं परत घेतलं.

निळा स्क्रीन आला, फायली उतरायला लागल्या, आम्ही कोकमाचं सरबत प्यायलो. आणि मग मशीनने नंबर मागितला. पंचवीस अक्षरांचा, सीडीच्या कव्हरमागे छापलेला असतो तो.

"कव्हर?" बाई म्हणाल्या.

कव्हर रुबीनाने मैत्रिणीला गाण्यांची सीडी घालून दिलं होतं. मैत्रीण लग्न होऊन मुंबईला गेली होती.

मी बाईंचा चेहरा पाहिला. त्यांची चूक त्यांच्या लक्षात आली होती. फोल्डरमध्ये सगळं भरलं, आणि नंबर तेवढा कुठे लिहून ठेवला नव्हता. कव्हर आहेच की, म्हणून. "सगळे डबे भरले गो," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मिठाची बरणीच विसरले." अशा आवाजात बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

भाभी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

बाईंनी कीबोर्ड जवळ ओढला. मग म्हणाल्या, "ह्या मशीनला हा नंबर मी सहा-सात वेळा घातलाय. मला तोंडाने येत नाय. बोटांना येत असेल." त्यांनी टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. तो कीबोर्ड कुवेतचा, प्रत्येक बटणावर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षर. बाई एरवी बघायच्या नाहीत, पण आज काळजीने बघत होत्या, आणि बघितलं की बोटं अडखळत होती.

तिसऱ्यांदा त्यांनी हात मागे घेतले. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"खैरून, तुझी ओढणी दे."

भाभींनी डोक्यावरची ओढणी काढून दिली. बाईंनी ती कीबोर्डवर पसरली आणि तिच्याखाली हात घातले. बाहेर तो कावळा ओरडत होता. बाईंनी मान वळवली ती खिडकीकडे, समुद्राच्या बाजूला, आणि ओढणीखाली बोटं चालायला लागली. अडखळली नाहीत. न थांबता, एका तालात, डावा विचारतो, उजवा उत्तर देतो, तसं. क्लासमध्ये मी तो ताल रोज ऐकलेला. मग थांबल्या.

"पाटील, काय म्हणतो?"

स्क्रीन पुढे गेला होता. मी नुसती मान हलवली, आणि बाई खिडकीकडेच बघत असल्यामुळे त्यांना ती दिसली नाही. "ओ पाटील!" तेव्हा ओरडलो, "गेला! गेला पुढे!"

अजून एक जीवघेणा क्षण बाकी होता. विंडोज उघडली ती कोरी. आवाजाची फाइल असायची त्या जागी काहीच नाही. भाभी पुढे येऊन स्क्रीनवर बोट फिरवायला लागल्या. "अगो, ही नवी हाय," बाई म्हणाल्या, "जुनी शेजारी बसवलीय ना? तिला विचारू." बाजूला ठेवलेल्या जुन्या फोल्डरमधून त्यांनी ती फाइल शोधून काढली. आवाज ऐकू यायला जे लागतं तेही बेगमीत भरलेलंच होतं.

स्पीकर खरखरला. "हॅलो, हॅलो. रुबीना, ए रुबीना, उठ गो, शाळा हाय." मग लांबून, स्वयंपाकघरातून असावा, भाभींचाच आवाज, "काय बोलतंव त्या डब्याशी?" आणि मग माणूस हसत हसत, "तुझीच तक्रार करतंय!"

एवढंच. अर्ध्या मिनिटाचं असेल. भाभी रडल्या, रुबीना रडली, मीही रडलो. देशावरचा असलो तरी. बाई चष्मा पुसत होत्या. मग त्यांनी शेल्फवरून कागद मागितला, कीबोर्डवर पुन्हा ओढणी टाकली, कॉम्प्युटरमधल्या कोऱ्या पानावर तो नंबर परत टाइप केला, स्क्रीनवरून माझ्याकडून लिहून घेतला आणि तो कागद भाभींच्या तांदळाच्या डब्यात ठेवला. घरी जाताना साठांचं भलंमोठं पुडकं हातात होतं. वाटेत बाई एवढंच म्हणाल्या, "शहाणपणा करून बघायला गेले, म्हणून दोनदा चुकले."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सुरुवातीला पत्रं होती, बाईंची टाइप केलेली, एकही खाडाखोड नसलेली. मग तीही थांबली. आपण माणसं अशीच. कामात आहोत, असं स्वतःला सांगत राहतो. मला त्याची आजही लाज वाटते.

दोन हजार नऊ साली ऑफिसच्या कामाने रत्नागिरीला गेलो तेव्हा कळलं, की बाईंना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी गाडीतळाकडे गेलो. ओटीवर टाइपरायटर नव्हते, भाच्याची मोटारसायकल उभी होती. भाच्याची बायको भली, पण थकलेली. "ओळखत नाय ओ त्या कोणाला," ती म्हणाली. "डॉक्टर पण म्हणाले, आता आत काय शिल्लक नाय."

बाई खुर्चीत होत्या. इस्त्री नसलेल्या गाऊनमध्ये मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. मी समोर बसलो, माझं नाव सांगितलं, बदल्या सांगितल्या, मुलीचं कॉलेज सांगितलं. त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. तेवढ्यात खैरूनभाभी पेजेचं भांडं घेऊन आल्या. रोज संध्याकाळी येतात, असं कळलं. त्यांनी बाईंपुढे लाकडी स्टूल ओढलं आणि पेज गार व्हायला ठेवली.

बाईंचा डावा हात त्या स्टुलावर आला. बोटं हलायला लागली.

"हे असंच," भाच्याची बायको म्हणाली. "दिवसभर टकटक, टकटक."

मी बघत राहिलो. करंगळी, अनामिका, मधलं बोट, पहिलं बोट, तेच जरा आत, तेच परत. मग थांबायचं. चांगलं एक ओळभर थांबायचं. मग पुन्हा करंगळीपासून. ए एस डी एफ जी एफ. आणि थांबायचं.

बाई उत्तराची वाट बघत होत्या. उजव्या हाताकडून ते येत नव्हतं.

मी खुर्ची त्यांच्या शेजारी नेली आणि माझा उजवा हात स्टुलावर, त्यांच्या डाव्याच्या बाजूला ठेवला. ए एस डी एफ जी एफ, बाईंची बोटं म्हणाली, आणि थांबली. सेमीकोलन एल के जे एच जे, मी म्हटलं. त्यांची बोटं लगेच पुढे सरली. एक ओळ, दोन ओळी, तीन. भाच्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. भाभींनी डोक्यावरची ओढणी काढली आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकली.

"बगूचा नाय, पाटीलभाऊ," त्या म्हणाल्या.

सातव्या की आठव्या ओळीला माझं बोट घसरलं. के राहून गेला. लाकडावर ते कितीसं ऐकू येणार, पण ओढणीखाली बाईंचा हात थांबला, चाचपडत माझ्या मनगटावर आला, आणि दोनदा हलकेच टकटक झाली.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.